दिगंबरच्या सोयरिकीचा बॅकअप

फोनच्या धंद्यात किस्से साठवावे लागत नाहीत, माळ्यावरच्या जुन्या वायरींसारखे ते आपोआप साठतात. एक ओढायला जावं तर अख्खा गुंता अंगावर येतो. परवा एका लग्नात आम्ही जुन्या ऑफिसातली मंडळी भेटलो आणि पंगत उठली तरी आमचं संपेना. शेवटी वाढपी येऊन म्हणाला, "ताई, टेबलं काढायची आहेत." तेव्हा म्हटलं, उरलेलं इथे सांगून टाकावं.

गोष्ट दोन हजार सात-आठच्या सुमाराची. भूगावात एका बंगल्याच्या तळमजल्यावर आमची कंपनी होती. कंपनी म्हणजे तीन माणसं. मालक नेने सर, पुण्याचे, इस्त्रीचा शर्ट आणि इस्त्रीचंच बोलणं. दिगंबर, परभणीकडचा इंजिनियर, सगळी मशिनं तोच बसवायचा. आणि मी, बार्शीची, ग्राहकांचे फोन घेणे, शिव्या खाणे आणि त्या गाळून नेने सरांना सांगणे, ही माझी पोस्ट. वरच्या मजल्यावर घरमालक तात्या आणि त्यांच्या पत्नी आक्का. तात्यांनी निम्मी जमीन बिल्डरला देऊन बंगला बांधला होता, पण म्हशी काही विकल्या नव्हत्या. त्या बंगल्यामागे पत्र्याच्या गोठ्यात होत्या आणि ग्राहक फोनवर बोलताना मध्येच विचारायचे, "मॅडम, तुमच्याकडे काय ओरडतंय?"

आमचं काम इंटरनेटवर चालणारे फोन बसवायचं. हे फोन स्वस्त, आवाज झकास, अडचण एकच. इंटरनेट गेलं की टेबलावरचा फोन म्हणजे पेपरवेट! आणि त्या काळी आमच्या भागात इंटरनेट जायला निमित्त लागायचं नाही. म्हणून बॅकअप लावायचा. इंटरनेट गेलं की आलेला कॉल आपोआप दुसऱ्या नंबरवर वळला पाहिजे, तिथे कुणी उचलला नाही तर तिसऱ्यावर, मग चौथ्यावर. कुठला नंबर आधी आणि कुठला नंतर, हे ठरवून मशीनमध्ये भरायचं. ऐकायला सोपं आहे. फक्त प्रत्येक नंबराच्या टोकाला कुणीतरी माणूस बसलेला असतो आणि त्याला मशीनमध्ये काहीच भरता येत नाही.

* * *

आता एवढ्या सगळ्यांना बॅकअप लावणाऱ्या आमच्या स्वतःच्या ऑफिसला बॅकअप होता का? नव्हता. आणि त्यापायी दिगंबरची दोन स्थळं गेली होती.

आपल्याकडे मुलीचे वडील मुलाला कधीच काही विचारत नाहीत. ते गुपचूप मुलाच्या ऑफिसात फोन करतात. अमुक अमुक तुमच्याकडे आहेत का, कायम आहेत का, वागायला कसे आहेत, काही नाद वगैरे? म्हणून दिगंबरच्या बायोडाटावर ऑफिसचा नंबर ठळक अक्षरात होता. पहिल्या मुलीच्या काकांनी फोन केला तेव्हा इंटरनेट गेलेलं. मशीनमधली बाई इंग्रजीत म्हणाली की ही व्यक्ती उपलब्ध नाही. काकांनी घरी जाऊन सांगितलं, मुलानं नोकरी सोडलीय. दुसऱ्या मुलीच्या वडिलांना तर ती बाईही भेटली नाही, नुसतीच शांतता. त्यांनी निरोप धाडला, "फोनच्या कंपनीचा फोन लागत नाही, तिथे आमच्या मुलीचं काय लागायचं?"

दिगंबरची तिशी उलटून गेली होती. गावाकडे धाकट्याचं लग्न त्याच्यापायी अडलेलं, आई रोज फोनवर रडायची. वरून तो हसायचा, पण दुसरा नकार आला त्या दिवशी त्यानं डबा उघडलाच नाही. मला त्याची फार दया आली. तेव्हाच नेने सरांनी जाहीर केलं की आधी ग्राहक, मग घर. आपल्या बॅकअपचं नंतर बघू.

* * *

मग आधी ग्राहकांचंच ऐका.

मुळशीच्या धरणाकाठी एक रिसॉर्ट होतं. मॅनेजर मोठा हौशी माणूस. इंटरनेट गेलं की बुकिंगचे कॉल त्याच्या मोबाईलवर वळवायचे असं ठरलं. दिगंबरनं सगळं भरलं, टेस्ट केलं, सही घेतली, आम्ही परत आलो. पंधरवड्यात मॅनेजरचा फोन, तुमचं राउटिंग सदोष आहे, बॅकअप लागला की बुकिंगच होत नाही.

दिगंबर गेला. मशीन ठणठणीत. कॉल वळत होते, मोबाईल वाजत होता, कुणीतरी उचलतही होतं. मग बुकिंग जातंय कुठं?

झालं होतं असं की सगळ्या रिसॉर्टमध्ये मोबाईलला रेंज फक्त एका जांभळाच्या झाडाखाली यायची. मॅनेजरनं काय करावं? तर मोबाईल एका पिशवीत घालून झाडाच्या फांदीला टांगून ठेवला. फोन वाजला की पळत जाऊन घ्यायचा. पण झाडाखाली पाहुण्यांसाठी आरामखुर्च्या टाकलेल्या! मॅनेजर पोचेपर्यंत खुर्चीतला पाहुणाच फोन उचलायचा. पलीकडून विचारणा व्हायची की शनिवारी खोली मिळेल का, कशी आहे सोय? आणि पाहुणा मनापासून उत्तर द्यायचा.

दिगंबर झाडाखाली उभा असतानाच पिशवीतला फोन वाजला. ठाण्याचे एक आजोबा खुर्चीत होते, त्यांनी सवयीनं पिशवीत हात घातला. म्हणाले, "या की. पण येताना मच्छरदाणी आणा, आणि पोह्यांची आशा ठेवू नका."

आजोबा तिसऱ्यांदा उतरले होते तिथे. मॅनेजरला ते फार आवडायचे.

* * *

जवळच्याच चांदे गावात एक सॉफ्टवेअर कंपनी होती. तिचे फोन परदेशातून यायचे, म्हणून तिथे नेने सरांनी जातीनं लक्ष घातलं. एका लाईनवर विसंबायचंच नाही. दोन वेगळ्या कंपन्यांचं इंटरनेट घ्यायचं, एक गेलं तर दुसरं आहेच. सरांनी फळ्यावर चित्र काढलं, दोन बाण, दोन रंग. म्हणाले, "दोन्ही एकाच वेळी जाणं शास्त्रीयदृष्ट्या अशक्य आहे."

दोन्ही एकाच वेळी गेली. भर दुपारी.

आम्ही तिघं धावलो. कंपनीच्या फाटकाबाहेर जेसीबी उभा आणि खड्ड्यात दोन रंगांच्या दोन वायरी, दोन्ही तुटलेल्या, शेजारी शेजारी. जमिनीचे मालक तिथेच काठी टेकून उभे होते. नेने सरांनी त्यांना शक्य तितक्या सभ्यपणे विचारलं की दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या वायरी एकाच चरात कशा?

ते म्हणाले, "पयल्या कंपनीला म्या एकदा रान खनू दिलं. दुसरी आली तवा म्हनलं, आता पुन्यांदा खनायचं न्हाई. हाय त्याच चरात घाला."

"अहो पण त्यामुळे बॅकअपचा अर्थच राहत नाही."

"त्ये तुमचं तुमी बगा. मला भुईमूग लावायचा हाय."

 परतताना गाडीत, चांदणी चौकाची पाटी दिसल्यावर सर म्हणाले, जमिनीतून जाणारं काहीच नको, यापुढे हवेतून.

* * *

हवेतून म्हणजे डिश. छतावर जेवणाच्या ताटाएवढी थाळी बसवायची, लांबच्या टॉवरकडे तोंड करून, मध्ये काही आडवं येता कामा नये. प्रयोग म्हणून पहिली थाळी आमच्याच गच्चीवर लागली. दिगंबरला वाटलं, चला, आपल्या ऑफिसचं तरी भलं झालं.

लिंक सुंदर चालायची. फक्त अधूनमधून, कडक ऊन असलं की सकाळी उशिरा जायची आणि चार वाजता गुपचूप परत यायची. ढगाळ दिवशी कधीच जायची नाही. दिगंबर आठवडाभर आलेख काढत होता. निष्कर्ष निघाला की उन्हानं मशीन तापतंय. त्यावर पत्र्याची टोपी घातली, शेजारी पंखा लावला. काही फरक नाही.

शेवटी एका उन्हाच्या दिवशी लिंक गेल्यावर मीच गच्चीवर गेले. थाळीसमोर या टोकापासून त्या टोकापर्यंत आक्कांच्या ओल्या गोधड्या! पाणी निथळत होतं. मशीन तापत नव्हतं, मशीनला समोर काही दिसतच नव्हतं. ऊन कडक असलं की आक्का गोधड्या धुवायच्या, चार वाजता वाळल्या की उचलायच्या.

नेने सर वर आले. त्यांनी आक्कांना लहरी कशा सरळ रेषेत जातात, ओलाव्यानं कशा अडतात, हे समजावून सांगितलं. आक्कांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "दोरी माजी आदीची हाय. तुमची थाळी मागनं आली."

 तोडगा असा निघाला की आक्का गोधड्या धुवायच्या आदल्या दिवशी मला सांगणार आणि मी सगळ्या ग्राहकांना मेल टाकणार, की उद्या आमच्याकडे नियोजित देखभालीचं काम आहे. एका ग्राहकानं उलट कौतुकानं लिहिलं की तुमच्याइतकी नियमित देखभाल कुणीच करत नाही. सरांनी ते पत्र फ्रेम करून लावलं.

* * *

लवळ्याच्या टेकडीवर मुलींचं एक खासगी हॉस्टेल होतं. इंटरनेट असताना पालकांचे कॉल ऑफिसात रेक्टरबाईच घ्यायच्या, आणि ते गेलं की कॉल त्यांच्या खोलीत वळायला हवेत, असं ठरलं होतं. पण रेक्टरबाईंनी दुपारी झोपमोड होते म्हणून रिसीव्हर काढून ठेवायला सुरुवात केली. मग कॉल पुढच्या नंबरावर जायचा, आणि पुढचा नंबर कॅन्टीनचा होता. कॅन्टीन चालवायचे एक मामा, मूळचे कराडचे, भाजी फोडणीला टाकता टाकता फोन खांद्यानं धरणारे.

एकदा नाशिकच्या एका आईचा फोन तिकडे गेला. तिनं सवयीनं विचारलं, मुलगी नीट जेवते का हो? रेक्टरबाई याचं उत्तर कायम "एकदम व्यवस्थित" असं द्यायच्या. मामा म्हणाले, "कुठली जेवते! दोन्ही वेळा वडापाव. परवा गवारीची भाजी केली तर ताटात नक्षी करून ठेवून गेली."

आई थक्क. मुलीच्या काळजीनं तिनं आणखी चौकशी केली. मामांनी अभ्यास, खोकला, मैत्रिणी, सगळ्याचा वृत्तांत दिला. ही बातमी पालकांमध्ये वणव्यासारखी पसरली. पुढच्या महिन्यात माझ्याकडे हॉस्टेलच्या पालकांचेच फोन यायला लागले. मला वाटलं तक्रारी असणार. मी नेहमीप्रमाणे सुरुवात केली, "सॉरी मॅडम, तुमच्या भागात इंटरनेट गेलं असेल तर..."

"गेलेलं नाही हो, तोच प्रॉब्लेम आहे," सोलापूरच्या एक बाई कळवळून म्हणाल्या. "दोन दिवस झाले, सारख्या रेक्टरच लागतायत. जरा तासभर घालवता का?"

* * *

या सगळ्या गडबडीत दिगंबरला तिसरं स्थळ सांगून आलं. वसमतची मुलगी, शिक्षिका. वडील निवृत्त मुख्याध्यापक, सगळे त्यांना गुरुजी म्हणायचे. फोटो पाहिल्यापासून दिगंबर वेगळाच चालायला लागला होता. मध्यस्थ होता दिगंबरचा मामा, त्यानं कळवलं, गुरुजी फार चौकस आहेत, येत्या आठवड्यात केव्हाही ऑफिसला फोन करतील, आणि त्यांचं समाधान झालं तरच पुढची बोलणी.

त्या दिवशी दिगंबरनं नेने सरांच्या केबिनचं दार लावून घेतलं आणि बाहेर आला तो परवानगी घेऊनच. संध्याकाळपर्यंत आमच्या स्वतःच्या ऑफिसचा बॅकअप तयार! आधी इंटरनेटचा फोन. तो गेला किंवा कुणी उचलला नाही तर माझ्या टेबलावरची साधी लँडलाईन. ती नाही उचलली तर नेने सरांचा मोबाईल. मग माझा मोबाईल. मशीनमध्ये आणखी एक जागा होती, ती दिगंबरनं कोरी सोडली होती. नेने सरांना कोरी जागा बघवत नाही. त्यांनी वरच्या मजल्यावरच्या तात्यांचा घरचा नंबर भरून टाकला. म्हणाले, तिथपर्यंत कॉल जाणारच नाही, पण दिसायला पूर्ण दिसतं.

मग रंगीत तालीम. दिगंबर बाहेर व्हरांड्यात जाऊन मोबाईलवरून गुरुजी म्हणून फोन करायचा आणि आम्ही उत्तरं द्यायची. माझं बरं गेलं. मी म्हटलं, मुलगा सोन्यासारखा आहे. दिगंबर आत येऊन म्हणाला, इतकं नको, संशय येईल.

नेने सरांचा प्रश्न वेगळाच होता. त्यांना अतिशयोक्ती करताच येत नाही. मुलगा कसा आहे, या प्रश्नावर सर म्हणाले, "टेक्निकली साउंड." आणि स्वभावानं? "त्याबाबत माझ्याकडे पुरेशी माहिती नाही." पगाराबद्दल विचारल्यावर त्यांनी सांगितलं की अशी माहिती कंपनी त्रयस्थ व्यक्तीला देत नाही, आणि फोन ठेवला. व्हरांड्यातून दिगंबरचा आवाज आला, "सर, तुम्ही सासऱ्याचा फोन ठेवलात."

दोन दिवस तालीम करून सर "चांगला मुलगा आहे" एवढं वाक्य न अडखळता म्हणायला शिकले. ते म्हणताना त्यांच्या कपाळावर घाम यायचा, पण म्हणायचे.

* * *

आणि गुरुजींचा फोन आला त्या दिवशी आम्ही कुणीच नव्हतो.

धरणाकाठच्या त्या रिसॉर्टवर वीज पडून सगळं मशीन जळालं होतं. सामान जास्त, काम तातडीचं, म्हणून तिघंही गेलो. दिगंबर निघताना तीनदा म्हणाला की मॅडम, तुम्ही थांबा. पण सर म्हणाले, बॅकअप कशासाठी लावलाय मग? फोन आपल्या मोबाईलवर येईल. तिथे रेंज फक्त झाडाखाली, हे गाडीत बसलेल्या तिघांनाही माहीत होतं, पण त्या घाईत एकाच्याही डोक्यात आलं नाही.

संध्याकाळी परत आलो तर तात्या अंगणात बाज टाकून बसलेले. आम्हाला बघून दिगंबरला म्हणाले, "आरं, दुपारी घरच्या फोनवर तुजा फोन आलता. कोन तरी मास्तर व्हते."

दिगंबरच्या हातातली पेटी खाली पडली. त्यानं विचारलं, काय म्हणाले?

"इचारत व्हते पोरगा कसा हाय. नाद बीद हाय का."

"मग? तुम्ही काय सांगितलंत?"

तात्यांनी तंबाखूची चिमूट दाढेखाली सरकवली. "म्हनलं, मास्तर, फोनवरनं आमी म्हस बी घेत न्हाई. तुमी जावई घ्याया निगाला?"

"आणि?"

"आनि काय. ठिवला फोन त्येंनी."

दिगंबर पायरीवर बसला. मला तात्यांचा असा राग आला की काही विचारू नका. एवढी तालीम, नेने सरांचा एवढा घाम, आणि शेवटी बोलले कोण तर तात्या! मी त्यांना म्हटलंसुद्धा, तात्या, दोन गोड शब्द बोलायचे होते की. ते शांतपणे म्हणाले, "गोड बोलून जमिनी घेत्यात, पोरी. सोयरीक न्हाई."

दिगंबरच्या मामाला फोन केला तर मामा म्हणाला, गुरुजींकडून काहीच निरोप नाही. दिगंबरच्या आईला अजून सांगितलं नव्हतं. सांगणार कसं? त्या रात्री तो जेवला की नाही मला माहीत नाही. मी घरी जाऊन माझ्या नवऱ्यावर विनाकारण ओरडले.

* * *

त्यानंतर दिगंबरनं एकच ध्यास घेतला. गुरुजी चौकस आहेत, म्हणजे ते पुन्हा फोन करणार. आणि या वेळी तो पहिल्या घंटीला उचलला गेला पाहिजे. तो बाहेरची कामं टाळायला लागला. चहासुद्धा फोनशेजारी. मी त्याला सांगितलं नाही, पण मला वाटत होतं की हे स्थळ गेलं. माणूस एकदा फोन ठेवून देतो तो देतोच.

दोन-तीन दिवसांनी नेने सर पुण्याला गेले होते आणि मी झेरॉक्स काढायला भूगावच्या चौकात. वारं सुटलं होतं. मागे काय झालं ते दिगंबरनंच नंतर सांगितलं.

वाऱ्यानं गच्चीवरची थाळी फिरली आणि इंटरनेट गेलं. म्हणजे आता येणारा कॉल माझ्या टेबलावरच्या लँडलाईनवर येणार. पण ती उचलायला खाली माणूस हवा आणि थाळी फिरवायला वर. दिगंबर जिन्यात अडकला, एक पाय खाली, एक पाय वर. तेवढ्यात फाटकातून एक म्हातारे गृहस्थ आत आले. धोतर, काळी टोपी, हातात कापडी पिशवी. तात्यांकडे जमीन बघायला अशी माणसं रोज यायची. त्यांनी विचारलं, ऑफिस हेच का? दिगंबर म्हणाला, "काका, तात्या गोठ्यात आहेत, येतील आत्ता. तोवर एक उपकार करा. इथे या खुर्चीत बसा. हा फोन वाजला की पहिल्या घंटीला उचला आणि म्हणा, एक मिनिट, बोलावतो. फार महत्त्वाचा फोन आहे, माझ्या लग्नाचा प्रश्न आहे. बसाल ना?"

म्हाताऱ्यांनी पिशवी मांडीवर घेतली आणि बसले. दिगंबर पळत गच्चीवर गेला.

मी परत आले ती तेव्हाच. माझ्या खुर्चीत कुणी अनोळखी गृहस्थ ताठ बसलेले. मी काही विचारणार तोच लँडलाईन वाजली. त्यांनी पहिल्या घंटीला उचलली. अगदी शाळेत हजेरी घेतल्यासारखा आवाज.

"हॅलो. हो, तीच कंपनी."

पलीकडे कुणी बाई बोलत होत्या. आवाज फुटत होता, शब्द मला कळत नव्हते. म्हातारे ऐकत होते आणि हळूहळू त्यांच्या भुवया वर चढत होत्या.

"हो, आहेत. इथंच काम करतात. कायम आहेत का, ते अजून विचारलं नाही." मग थोडं थांबून, "नाद? कामाचा दिसतो."

पुन्हा पलीकडे बोलणं. मग म्हाताऱ्यांनी रिसीव्हर कानापासून जरा लांब धरला आणि हलक्या आवाजात म्हणाले, "अहो, मीच बोलतोय. आवाज ओळखत नाही का? आणि मी स्वतः इतक्या लांब बघायला आलोय तर तुम्ही पाठीमागून फोन कशाला करता?"

माझ्या हातातले झेरॉक्सचे कागद तसेच राहिले. मी दारात उभी, आत जावं की गच्चीकडे धावावं काही कळेना. पलीकडून बराच वेळ बोलणं चाललं होतं. म्हातारे "हूं, हूं" करत होते. मग "बरं, तसं सांगतो" म्हणाले आणि रिसीव्हर जागेवर ठेवला.

तेवढ्यात जिन्यावरून धाडधाड पावलं. दिगंबर घामानं निथळत, हाताला ग्रीस, शर्टाचं एक बटण तुटलेलं. मी त्याला डोळ्यांनी खुणावत होते, पण त्याचं लक्ष फक्त फोनकडे.

"काका, वाजला होता ना? मला वर ऐकू आला. कुणाचा होता?"

"मुलीच्या आईचा," गुरुजी म्हणाले.

दिगंबरनं ग्रीसचा हात शर्टालाच पुसला. तो टेबलाची कड धरून म्हणाला, "मग? तुम्ही एक मिनिट म्हणालात ना? काय सांगितलंत त्यांना?"

गुरुजींनी टोपी सारखी केली, पिशवी उचलून खांद्याला लावली.

"सांगितलं, जावई गच्चीवर चढलेत. उतरले की बोलतील."